सनई सोडून नाडी धरणारा लेई

तेलगिरणीवाल्या माओची आई गेली तेव्हा सनईला लेई मिंगशंगला बोलावलं होतं. त्यात विशेष काही नव्हतं. आमच्या छिंगशीत लग्नाला कोणाचाही बँड चालतो, मयतीला मात्र लेईच लागायचा. त्याची सनई सुरू झाली की सासू गेली म्हणून मनातून हायसं वाटलेल्या सुनासुद्धा धाय मोकलून रडायच्या. त्या दिवशी माओ आणि त्याचे भाऊ डोक्याला पांढरी फडकी बांधून शवपेटीपुढे गुडघे टेकून बसले होते. लेईने सनई ओठाला लावली, गाल फुगवले, आणि आवाज आला तो चिखलात रुतलेल्या म्हशीने पाय उपसावा तसा. त्याने पुन्हा फुंकलं. हवा ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून फुर्रकन निघून गेली.

आधी माओची धाकटी सून हसली. मग तिची जाऊ हसली. माओचा सगळ्यांत लहान भाऊ मान खाली घालून खांदे गदागदा हलवत होता. आम्हाला वाटलं, आईचं दुःख आवरत नाहीये बिचाऱ्याला. मग त्याच्या नाकातून जो आवाज आला, तो दुःखाचा नव्हता. लेईने सनई खाली घेतली तेव्हा सगळ्यांना दिसलं. उजवा गाल लोंबलेला, उजवा डोळा मिटायला तयार नाही, आणि सगळं तोंड डावीकडे पळालेलं.

"वारं गेलं तोंडावरून," कोणीतरी म्हणालं.

माओने त्याला उपाशीच घालवलं. मयतीच्या घरून सनईवाला न जेवता परत गेला, असं आमच्याकडे त्याआधी कधी घडलं नव्हतं. लेई सनई काखेत मारून, एका हाताने गाल धरून, नदीकाठच्या रस्त्याने आला आणि माझ्या चहाच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. चहाला नव्हे. समोर मिआओबाईंचा दवाखाना होता, आणि दुपारी मिआओबाई दवाखान्यात नसतात, माझ्याकडे माहजाँग खेळत असतात, हे त्याला ठाऊक होतं.

मिआओबाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. उंची माझ्या काउंटरएवढी, आवाज घाटापलीकडे जाईल एवढा. बाप वैद्य, आजा वैद्य, आणि स्वतः कोणाचं ऐकायची सवय नाही. खेळात असताना पेशंट आला तर डाव्या हाताने नाडी बघायच्या आणि उजव्या हाताने सोंगटी टाकायच्या. समोरचे तिघे म्हणायचे, बाई पेशंट आला की मुद्दाम वेळ काढतात, डाव वाईट असला की जास्तच.

"जीभ दाखव," बाई म्हणाल्या.

लेईने दाखवली.

"आत घे. जीभ सरळ आहे, तोंडच वाकडं आहे. घामाघूम होऊन पंख्याखाली झोपला होतास ना?"

"हो, बाई."

"मग पंख्याने त्याचं काम केलं. डाव संपू दे, सुया टोचते."

"सनई वाजवता येईल ना?"

"आधी तोंडात भात तर राहू दे."

त्यानंतर लेई रोज यायचा. चेहऱ्यात, हातात, पायात सुया टोचून घेऊन खाटेवर पडून राहायचा. त्याची बायको छायफंग बाजारात मसालेदार सशाची मुंडकी विकते. ती एकदा डबा घेऊन आली, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लग्नात मला माणूस म्हणून दिला होता, हे तर साळिंदर निघालं." पडल्या पडल्या लेईला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून तो ऐकत राहायचा. कोण आलं, काय दुखतंय म्हणालं, बाईंनी काय विचारलं. लोक पोटदुखी सांगायला येतात आणि अर्ध्या तासाने जावेबद्दल बोलत असतात, हे त्याला मयतीच्या घरात बसूनही कधी एवढं कळलं नव्हतं.

तोंड जवळजवळ सरळ झालं. जवळजवळ म्हणजे बोलायला, जेवायला, भांडायला पुरेसं. सनईला ते पुरत नव्हतं. ओठाचा उजवा कोपरा घट्ट मिटेना, आणि वरच्या सुरावर गेलं की तो फुर्र आवाज पुन्हा यायचा. त्याचा थोरला चुलतभाऊ म्हणाला, ढोल वाजव. तो म्हणाला, बघतो. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात, भर डावात, मिआओबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, मला शिकवा."

"काय?"

"वैद्यकी."

बाईंच्या समोर बसलेला न्हावी इतका हसला की त्याची रांगेत लावलेली सोंगट्यांची भिंत कोसळली.

"चाळिशी उलटली तुझी," बाई म्हणाल्या. "शाळा किती?"

"मधली शाळा पुरी केलीय."

"म्हणजे अक्षरं ओळखतोस. आणि कशाला शिकायचंय? निम्मा जिल्हा तू पुरलास, उरलेला बरा करणार का?"

लेई म्हणाला, "बाई, इतकी वर्षं लोकांच्या घरी जातोय. मी पोचतो तेव्हा सगळं आटपलेलं असतं. एकदा तरी आधी पोचून बघावं म्हणतो."

बाईंनी सोंगटी उचलली, बघितली, परत ठेवली. "आधी पोचणाऱ्याच्याच माथी मरण मारतात. नंतर पोचणाऱ्यावर कोणी आळ घेत नाही. सुखाचा धंदा आहे तुझा. विचार कर."

"केलाय."

"मग आणखी कर. मला डाव जिंकू दे."

बाईंनी त्याला का घेतलं, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. त्यांचे आधीचे दोन शिष्य टिकले नव्हते. एक शहरात जाऊन बारीक व्हायचा चहा विकायला लागला, दुसरी लग्न करून गेली आणि सासूला सुया टोचते म्हणे. बाईंची नात वैद्यकीच्या कॉलेजात शिकत होती, पण तिला मोठ्या शहरात जाऊन बायकांच्या सुरकुत्या घालवायच्या होत्या. मला मात्र वाटतं, कारण वेगळं होतं. त्याच सुमारास एक तरुण बाई दवाखान्यात आली होती, पोटातलं मूल गेलेलं. मिआओबाई औषध काढायला आत गेल्या. लेई सुया टोचलेल्या अवस्थेत शेजारच्या खाटेवर होता. ती बाई रडत राहिली आणि हा काही बोलला नाही, तोंड फिरवलं नाही, घाई केली नाही. मयतीच्या घरी तासन्‌तास बसायची सवय होती त्याला. बाई बाहेर येऊन बघत उभ्या राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "बसता येतं त्याला. बाकीचं शिकवता येईल."

सरकारी कायदा असा की वैद्याच्या हाताखाली तीन वर्षं रीतसर शिकायचं, मग प्रांताची परीक्षा द्यायची, ती पास झालं की आणखी एक वर्ष उमेदवारी आणि मग परवान्याची परीक्षा. करार झाला, शिक्के बसले. शिवाय बाईंनी जुना रिवाजही पाळायला लावला. लेईने गुडघे टेकून, डोकं जमिनीला लावून, दोन्ही हातांनी चहाचा पेला पुढे केला. बाईंनी घोट घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चहा शिएच्या दुकानातला आहे, म्हणजे पाणीच. चालेल, शिष्यही तसाच आहे." ती शिए म्हणजे मी.

पहिलं वर्ष लेईने औषधांच्या कपाटासमोर काढलं. त्या भिंतभर कपाटाला इतके खण की एकातलं दुसऱ्यात गेलं तर माणूसही एका जगातला दुसऱ्या जगात जाईल, असं बाई म्हणायच्या. प्रत्येक मुळी, साल, बी त्याला चाखायला लावायच्या. कडू मुळी चाखली त्या दिवशी त्याचं तोंड पुन्हा वाकडं झालं आणि आम्ही घाबरलो. औषधं नुसती वाळवून भागत नाही. काही मधात परतायची, काही मिठाबरोबर भाजायची, काही दारूत भिजवून कढईत हलवायची. दवाखान्यातली कढई एकच, आणि तिच्यावर बाईंचा हात. म्हणून लेई घरी छायफंगच्या कढईत सराव करायचा.

एके दिवशी त्याने त्या कढईत जुलाबाची मुळी दारूत परतली. कढई धुतली असं तो आजही शपथेवर सांगतो. छायफंगने त्याच कढईत सशाची मुंडकी टाकली. संध्याकाळपर्यंत बाजारातला निम्मा पुरुषवर्ग घाटावरच्या सार्वजनिक संडासापुढे रांगेत उभा होता, आणि रांगेत भांडणं लागली होती. न्हावी तर गिऱ्हाईकाची अर्धी दाढी साबणात ठेवून पळाला.

छायफंगने लेईला बाजाराच्या मधोमध उभं केलं. "मेल्या, आधी लोक तुझ्यामुळे रडायचे ते परवडत होतं," ती म्हणाली. "एक तर ही कढई राहील घरात, नाहीतर तू."

मिआओबाईंना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "जुलाब किती वेळाने लागले? वेळेवर लागले असतील तर भाजणी बरोबर जमलीय."

सुयांचा सराव लेईने आधी काकडीवर केला, मग डुकराच्या मांसावर, मग स्वतःच्या पायावर. गुडघ्याखाली चार बोटं सोडून एक जागा आहे, तिथे तो रोज टोचायचा आणि रोज "आता लागली, आता लागली" म्हणत लंगडत फिरायचा. नंतर त्याची नजर बायकोवर गेली. छायफंग म्हणाली, "मी बायको आहे, टाचणीची उशी नाही." पण दिवसभर उभं राहून तिची कंबर धरायची, आणि शेवटी एक दिवस तिने मान्य केलं. त्याने पाठीला तुंबड्या लावल्या. काचेच्या पेल्यात जाळ फिरवून त्याने भराभर पेले पाठीवर बसवले आणि मग तो धडा आठवायला लागला, काढायचे कधी ते. तिच्या पाठीवर जे जांभळे गोल उठले ते बघून तिची आई पोलिसांकडे जायला निघाली होती. कंबर मात्र थांबली. ते छायफंगने बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही, त्याला तर मुळीच नाही.

खरी अडचण पाठांतराची होती. काढ्यांची गाणी असतात, त्यात कोणती औषधं, कशासाठी, ते सगळं बसवलेलं असतं. शिष्याने ती झोपेतही म्हणून दाखवायची. लेईच्या डोक्यात ती राहीनात. दालचिनी आली की आलं जायचं, आलं आलं की ज्येष्ठमध जायचं. शाळेतही त्याचं असंच होतं. पण सुरावट एकदा ऐकली की तो कधी विसरायचा नाही, आणि त्याला येणाऱ्या सुरावटी कोणत्या, हे वेगळं सांगायला नको. त्याने खोकल्याचा काढा प्रेत घराबाहेर काढतानाच्या सुरावर बसवला, पोटदुखीचा शवपेटीवर खिळे ठोकतानाच्या, आणि बाळंतिणीचा काढा मयतीनंतरच्या जेवणावळीच्या. झटकन पाठ व्हायला लागलं. रोज सकाळी अंगणात उभा राहून तो खड्या आवाजात गायचा.

त्याच्या शेजारी हौ आजोबा राहायचे. वय ऐंशीच्या आसपास, स्वभाव हिरव्या मिरचीसारखा, आणि त्या हिवाळ्यात छातीत कफ भरून अंथरुणाला खिळलेले. डोळे उघडावेत तर भिंतीपलीकडून कोणीतरी त्यांची अंत्ययात्रा काढतंय. पहिल्या दिवशी त्यांनी मुलाला विचारलं, "कोण गेलं?" दुसऱ्या दिवशी विचारलं, "मी गेलो का?" त्यांच्या खेड्यातल्या पुतण्याने रस्त्यावरून जाताना ती सुरावट ऐकली, दारातून हौ आजोबांची खाट दिसली, आणि तो जाऊन मयतीला ठेवतात ते भलं मोठं कागदी फुलांचं चक्र घेऊन आला. आजोबांनी ते चक्र बघितलं आणि अंथरुणातून उठले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा उठले ते थेट माझ्या दुकानात, खांद्यावर गोधडी घेऊन.

"तो तुमचा शिष्य मला जिवंतपणी पुरतोय," ते मिआओबाईंना म्हणाले.

"आजोबा, ते खोकल्याच्या काढ्याचं गाणं आहे," लेई म्हणाला. "तुमच्यासाठीच चांगलं."

"माझ्या बायकोला नेलं तेव्हा हेच वाजवलं होतंस तू. खोकल्याचं म्हणे. तिला खोकला नव्हता."

"चाल तीच आहे, शब्द वेगळे आहेत."

"मेलेल्याला शब्द ऐकू येतात का?"

बाई म्हणाल्या, "हौ, तुम्ही चालत आलात ना इथपर्यंत? महिनाभर माझ्या काढ्याने जे झालं नाही ते याच्या गाण्याने झालं. आता काय, गाण्याचेच पैसे लावू?"

हौ आजोबांनी लेईशी बोलणं टाकलं. आणि बोलणं टाकलेला माणूस जसं करतो तसं, दिवसभर त्याच्याबद्दलच बोलत राहिले.

दुसऱ्या वर्षी बाईंनी लेईला नाडीवर हात ठेवू द्यायला सुरुवात केली. आधी शिष्य बघणार, मग बाई बघणार, मग बाई शिष्याला सर्वांसमोर मूर्ख ठरवणार, अशी पद्धत होती. पण पेशंट हातच देईनात. लेईला बघितलं की लोक बाही खाली ओढायचे. "हा मनगट धरतो आणि मला वाटतं, पेटीचं माप घेतोय," असं कपड्याच्या दुकानातली बाई म्हणाली. एक ट्रकवाला तर म्हणाला, "बाबा रे, तुझा हात लागला की मला माझ्या बापाच्या मयतीतला तो सगळा डुकराचा रस्सा आठवतो." लेई परत खलबत्त्याकडे वळायचा. पण एकदा दुपारी मी त्याला चहा द्यायला गेले तेव्हा तो स्वतःचीच नाडी धरून बसला होता. म्हणाला, "शिए ताई, ही एकच माझ्याकडे न कुरकुरता येते."

पहिला हात दिला तो वेइ आजींनी. त्या नव्वदीच्या, दात एक, ऐकू कमी, सांधे आखडलेले. त्यांनी बाहेरूनच ओरडून विचारलं, "तो सनईवाला आहे का आत? त्यालाच दाखवायचं मला."

"का हो, आजी?" बाईंनी विचारलं.

"सोयीचं पडतं. औषध लागू पडलं तर बरंच, नाही पडलं तर पुढचंही त्यालाच सांगता येईल. माझ्या नातवांना दोन ठिकाणी फिरायला नको."

लेईने तीन बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. आजी बसल्या जागी पेंगल्या. बाईंनी विचारलं, "काय सापडलं?"

"बारीक आहे, आणि खोल. बोट दाबलं की सापडते, उचललं की हरवते."

बाईंनी स्वतः बघितलं आणि त्या त्याला मूर्ख म्हणाल्या नाहीत. तेवढंच. पण लेई त्या दिवशी बाजारातून बदक घेऊन घरी गेला.

नाडीपेक्षाही बाईंनी त्याच्या डोक्यात एक गोष्ट जास्त ठोकली. "कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणायचं," त्या म्हणायच्या. "त्याला औषधं लागत नाहीत, सुया लागत नाहीत, आणि माणूस वाचतो. माझ्या बापाला ते म्हणता यायचं नाही, म्हणून आमच्या शेताच्या कडेला तीन माणसं पुरलेली आहेत."

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाई भाचीच्या लग्नाला परगावी गेल्या. दवाखाना बंद. लेईला एकट्याने उपचार करायची परवानगी नव्हती, म्हणून तो मागच्या खोलीत औषधं वाळत घालत होता. भर दुपारी हौ आजोबा आले. इतक्या दिवसांचा अबोला मोडून आले म्हणजे काहीतरी असणार, असं मला दुकानातून बघतानाच वाटलं. चेहरा राखेसारखा झालेला.

"खांदा धरलाय," ते म्हणाले. "डावा. आणि इथे जबड्यापर्यंत. तुंबड्या लाव चार आणि मोकळं कर. बोलायची गरज नाही."

लेईने त्यांना बसवलं. तुंबड्यांना हात लावला नाही. मनगट धरलं, आणि मी त्यांच्यामागोमाग येऊन दारात उभी होते म्हणून दिसलं, लेईचाच रंग उडाला. आजोबांच्या कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता. हाताला थंड लागत होता.

"आजोबा, दवाखान्यात जायचं. जिल्ह्याच्या, मोठ्या."

"का? काय झालंय मला?"

"मला कळत नाहीये."

"कळत नाही तर शिकलास काय तीन वर्षं?"

"हेच शिकलो. उठा."

"मी नाही येत. मला माहितीये तुझा डाव. त्या दिवशी गाणं म्हणून झालं नाही, आता गाडीत घालून पाठवतोयस."

लेईने वाद घातला नाही. तो बाहेर आला, कोबी उतरवून रिकाम्या झालेल्या एका तीनचाकीवाल्याला थांबवलं, आत गेला आणि हौ आजोबांना उचलून आणून कोबीच्या पानांवर निजवलं. आजोबा त्याला शिव्या देत होते, त्यातल्या काही मी आधी ऐकलेल्या नव्हत्या. मीही चढले, कारण कोणीतरी त्यांचे पाय धरायला हवे होते. रस्त्यात शिव्या हळूहळू कमी झाल्या. त्या थांबायला आल्या तेव्हा लेई म्हणाला, "आजोबा, माझ्या आजीबद्दल काहीतरी बोला." आजोबांनी लेईच्या आजीबद्दल काहीतरी वाईट सांगितलं आणि आम्हाला दोघांना धीर आला.

हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी मांडीतून नळी घालून ती उघडली आणि आत जाळी बसवली. आणखी उशीर झाला असता तर, असं ते म्हणाले आणि पुढचं वाक्य सोडून दिलं. लेई बाहेरच्या बाकावर बसला होता. हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. "चारच तुंबड्या मागत होते," तो म्हणाला. "मला येत होत्या, ताई. चांगल्या येत होत्या."

हौ आजोबा परत आले ते तक्रार घेऊनच. माझ्या दुकानात बसून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, "हा कसला वैद्य? मी याच्याकडे गेलो तर याने दुसऱ्याकडे पाठवलं. कोबीवर निजवून. औषध नाही, सुई नाही." मग शर्टाची बटणं सोडून छाती दाखवायचे, जरी नळी मांडीतून घातली होती आणि छातीवर बघण्यासारखं काही नव्हतं. लोक ऐकायचे, आणि दुसऱ्या दिवशी समोर जाऊन लेईपुढे हात ठेवायचे. कपड्याच्या दुकानातली बाई पण गेली. हौ आजोबांना हे कळलं तेव्हा ते आणखी चिडले.

बाई लग्नाहून आल्या, सगळं ऐकलं, आणि लेईला म्हणाल्या, "कोबीची पानं कोणी झाडली का गाडीतली?" त्या दिवशी त्यांनी पेशंटसमोर त्याला एकदाही मूर्ख म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं.

प्रांताच्या परीक्षेला लेई शहरात गेला. मुलाखतीला तीन परीक्षक. मधल्याने एक काढा विचारला. लेईला उत्तर येत होतं, पण चालीशिवाय येत नव्हतं. तो म्हणाला, "गुणगुणलं तर चालेल का?" परीक्षक म्हणाले, चालेल. त्याने हळू आवाजात सुरू केलं. दोन ओळी झाल्या असतील, डावीकडचे परीक्षक चष्मा काढून म्हणाले, "हे माझ्या सासऱ्यांच्या वेळी वाजवलं होतं." लेईने विचारलं, कोणतं गाव. त्यांनी सांगितलं. "मग मीच होतो," लेई म्हणाला. पुढची काही मिनिटं परीक्षा बाजूला राहिली आणि सासऱ्यांच्या जेवणात मासा कमी पडला होता की नाही, यावर बोलणं झालं.

तोंडी पास झाला, लेखीत नापास. रडला नाही, पण घरी येऊन दोन दिवस पुस्तकाला हात लावला नाही. मग छायफंगने पुस्तक उचललं. ती सशाची मुंडकी सोलता सोलता प्रश्न विचारायची, आणि चुकला की मुंडकं फेकून मारायची. पुढच्या वर्षी पास झाला. त्याच्या पुढच्या परवान्याच्या परीक्षेलाही एकदा आपटला, मग तीही सुटली. निकालाच्या दिवशी छायफंगने माझ्या दुकानात सगळ्यांना मुंडकी वाटली. न्हाव्याने आधी विचारून घेतलं, कढई कोणती.

आता लेई समोरच्याच दवाखान्यात बसतो. फार मोठा वैद्य झाला, असं मी म्हणणार नाही. त्याचं अक्षर वाईट आहे, आणि ज्येष्ठमध जरा जास्तच घालतो. मिआओबाई सकाळी थोडा वेळ येतात, त्याने लिहिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचतात आणि नाक मुरडून माझ्याकडे खेळायला येतात. चिठ्ठ्या बदलायचं मात्र त्यांनी सोडलंय.

मागच्या आठवड्यात एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीची कॉलेजच्या प्रवेशाची मोठी परीक्षा जवळ आलेली, झोप लागत नाही, जेवण जात नाही. आई सगळं सांगत होती. मुलीला काही विचारलं तरी उत्तर आईच द्यायची. लेईने मुलीची नाडी बघितली, जीभ बघितली. मग आईची बघितली.

"काढा देतो," तो म्हणाला. "रात्री झोपताना घ्यायचा."

"जेवणाआधी की नंतर देऊ तिला?"

"तिला नाही. तुम्ही घ्यायचा. तिला आपोआप झोप लागेल."

बाई चिडली. मुलगी पहिल्यांदा हसली. बाई औषध न घेताच बाहेर पडली, घाटापर्यंत गेली आणि परत येऊन पुड्या घेऊन गेली. कालच ती पुन्हा दवाखान्यात आली, एकटीच होती. म्हणाली, पोरगी झोपतेय, जेवतेय. लेई म्हणाला, "बरं झालं. आता बसा, तुमचं काय ते बघू," आणि तिने बाही वर केली.